चार जूनची सही

“आज चार वाजता नगरपालिकेची सभा आहे. पाचपर्यंत माझं वाचनालय गेलेलं असेल!” ग्रंथपाल बाई नाना गुप्तहेरांच्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

साठ वर्षांपूर्वी, चार जूनच्या सभेत, पहिल्या नगराध्यक्षांनी आपली इमारत वाचनालयाला दिली होती. आता त्यांच्या नातवाने त्या सभेच्या इतिवृत्ताचं पान पुढे केलं होतं. त्यावर होतं, ‘फक्त साठ वर्षांसाठी’. खाली आजोबांची सही.

नाना उठले. पाठोपाठ त्यांचे मेहुणेही.

सभागृहात कारकून खुर्च्या मांडत होता. मेहुणे भिंतीवरच्या तसबिरीखालचं वाचू लागले. “पहिले नगराध्यक्ष. निधन, बारा जून. वर्षही तेच! दाजी, इमारत दिली आणि आठ दिवसांत गेले की हो!”

“जुनी फाइल कुठे असते?” नानांनी कारकुनाला विचारलं.

“माझ्या कपाटात. सुटी पानं, दोरीनं बांधलेली. मध्यंतरी नातूसाहेबांनी तीन दिवस घरी नेली होती, आजोबांचं चरित्र लिहायला.”

नातू दारातच भेटला. “पानात काय शोधताय? आजोबांनी सभा घेतली, ठराव झाला, तिथल्या तिथं सही केली. मी कधी सभेला बसलो नाही, पण एवढं कुणालाही कळतं.”

“दाजी, कारकूनच!” मेहुणे कुजबुजले. “चावी त्याच्याकडे.”

“जरा दम धरा.”

चार वाजले. कारकुनाने मागच्या महिन्याचं इतिवृत्त वाचलं. नगराध्यक्षा बाईंनी सहीला पेन उचललं.

“एक विचारू?” नाना उभे राहिले. “सभा मागच्या महिन्यात झाली. सही आज का?”

“पुढच्या सभेत वाचून सगळ्यांनी मान्य केल्यावरच अध्यक्ष सही करतात.”

“पूर्वीही असंच?”

“पहिल्या पानापासून,” कारकून म्हणाला.

“म्हणजे चार जूनच्या पानावर जुलैच्या सभेत सही झाली असणार. तेव्हा हे कुठे होते?”

सगळ्यांच्या माना तसबिरीकडे वळल्या.

“कारकून दर महिन्याला हे करतो,” नाना शांतपणे सांगू लागले. “त्याच्या हातून ही चूक झोपेतही व्हायची नाही. ही चूक अशा माणसाची, ज्याला वाटतं सही तिथल्या तिथं होते. आणि ज्याच्या घरी ही फाइल तीन दिवस होती.”

 नातवाने पिशवीतून एक पिवळं पडलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. “आजोबांचे शब्द आहेत. फाडायला हात धजेना.”

कारकुनाने वाचलं, “‘इमारत कायमची गावाची.’ खाली उपाध्यक्षांची सही. जुलैची.”

ग्रंथपाल बाईंनी मागची खुर्ची चाचपली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच बसल्या.