तात्यांची खेळी यायची आहे

बसा इथे, दिव्याजवळ. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलेलं मला खपत नाही.

त्या दिवशी मी उचगावहून कोल्हापुरात आले होते ती वर्षाची चटणी कुटून घ्यायला. एप्रिलचं ऊन, मंगळवार पेठेतला मिरची कुटायचा डंक, बायकांची रांग, आणि मिरचीच्या खकाण्यानं सगळ्यांची नाकं वाहत होती. डबा भरून झाल्यावर वाटलं, आलेच आहे तर एक बरणी संग्रामला देऊन जावं. संग्राम माझा धाकटा भाऊ. एका फौंड्रीची ड्रॉइंगं घरबसल्या करून देतो आणि तिथून जवळच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. कालपासून त्यानं माझा फोन उचलला नव्हता. पण तो नेहमीचाच तसा. खेळात असला की बहीण काय नि देव काय.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा बंद. खिडकीजवळच्या खुर्चीत तो दोन्ही हातांत फोन धरून बसला होता.

"जेवलास का रे?" मी विचारलं.

"हळू बोल, आक्का." त्यानं वर बघितलंच नाही. "तात्यांची खेळी यायची हाय."

मी बरणी खाली ठेवली. केरबा तात्या फेब्रुवारीतच वारले होते.

तात्या म्हणजे त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या तालमीचे वस्ताद. गुडघा गेला तेव्हा कुस्ती सुटली आणि म्हातारपणी ते फोनवर बुद्धिबळ शिकले. पण अंगातली माती जाते थोडीच? कुस्तीच्या हौद्यातली माती लावावी तसा डाव सुरू करताना फोन कपाळाला लावायचे. आणि एकदा बसले की डाव निकाली होईपर्यंत उठायचे नाहीत. "पंचानं सोडवल्याबिगर हौदा सोडायचा न्हाई," असं म्हणायचे. मग पोटात भूक असो की छातीत कळ.

शिवजयंतीला तालमीनं ऑनलाइन बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. ज्यानं त्यानं आपापल्या घरून खेळायचं. शेवटच्या डावात तात्यांसमोर आला आमचा संग्राम. खेळता खेळता त्याचा राजा असा कोंडला गेला की पुढं मात ठरलेलीच. सरळ हार मानायची, हात जोडायचे, विषय संपला. पण सरळ हार मानेल तो संग्राम कसला! ज्याची खेळी त्याचं घड्याळ पळतं, वेळ संपला की हार; तात्यांच्या घड्याळात थोडाच वेळ उरला होता, ह्याच्या घड्याळात भरपूर. ह्यानं खेळीच केली नाही. फोन खिशात टाकला आणि चौकात मिसळ खायला गेला. म्हातारा कंटाळून उठेल, मग आपण हळूच खेळी करायची, तिकडं त्याचा वेळ संपेल आणि डाव आपला. असले हिशेब.

तात्या उठले नाहीत. त्यांची बायको, मीनाबाई काकी, जेवायला हाका मारत राहिली. "पोराची खेळी येऊ दे," एवढंच आतून येत होतं. मग तेही यायचं थांबलं, तेव्हा ती बघायला गेली. तात्या ताठ बसलेले, बोट फोनच्या वर उचललेलं, आणि अंग गार. संग्रामचा वेळ संपून डाव तात्यांच्या नावावर लागला होता. ते बघायला तात्या राहिले नव्हते.

गल्लीत संग्रामला कुणी काही बोललं नाही. आमच्या कोल्हापुरात माणसं तोंडावर शिव्या देतात, आणि त्यात माया असते. ती बोलायची बंद झाली की समजावं, फार वाईट झालंय. त्या दिवसापासून पोरगं खंगतच चाललं होतं.

आणि आता तो मला सांगत होता, तात्यांची खेळी यायची आहे.

"कुठले तात्या?" मी विचारलं.

त्यानं फोन माझ्याकडं वळवला. तात्यांचंच नाव. फेटा बांधलेला तोच फोटो. "काल त्यांच्याकडनंच डावाचं बोलावणं आलं. म्हटलं, खेळावं... खेळून झालं की माफी मागावी."

मला बुद्धिबळातलं फारसं कळत नाही, पण लहानपणी ह्याच्याबरोबर खेळून खेळून थोडं डोक्यात बसलंय. ह्या डावात तात्यांचा राजा कोंडलेला होता. त्यांना जायला एकच घर होतं, आणि तिथं गेले की संग्रामच्या पुढच्या खेळीला मात. तीच एक खेळी ते करत नव्हते. त्यांच्या बाजूचं घड्याळ उजळलेलं होतं. मी बघत उभी राहिले. आकडे हलतच नव्हते.

मग मला तो वास आला. मिरचीनं माझं नाक बधिर झालं होतं, तरी आला. हळद, ताक, तेल, कापूर आणि त्यांत मुरलेली लाल माती. तालमीतला हौदा उकरताना सुटतो तसा. आणि हा वास त्या वरच्या मजल्यावरच्या, कोंदट खोलीत.

"ऊठ," मी म्हणाले. "पाणी पी आधी. ओठ बघ कसे फुटलेत."

"उठाय येत न्हाई, आक्का."

"म्हणजे?"

"कवाधरनं... कोणतरी दाबून धरलंय. खांद्यावर."

मी त्याच्या काखेत हात घातले आणि ओढलं. गोठ्यात म्हशीचं रेडकू एकटीनं उचलणारी बाई आहे मी. तो तसूभर हलला नाही. उलट मी जोर लावला तसा त्याच्या दोन्ही खांद्यांवरचा सदरा आणखी आत दबला. पंजे उमटावेत तसा. मी हात काढून घेतले.

"डाव सोडून दे," मी कुजबुजले. "हार मान, संग्राम. तुझ्या पाया पडते."

"सोडू कसा? जिंकालोय की मी..."

त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही फुटलं. पोराचा जीव चालला होता आणि पोरगं जिंकत होतं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तर त्यानं ओठ मिटून घेतले. खेळी आल्यावर पितो म्हणाला. डोळे खोल गेले होते, मान कलत होती, तरी बोट फोनच्या वर उचललेलंच होतं. तशा बोटाबद्दल मी ऐकलं होतं. मी जिना उतरून धावतच सुटले.

मीनाबाई काकी उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. मी जमेल तसं सांगितलं.

"काकी, तात्यांचा फोन कुठाय?"

"कपाटात. त्यांच्या माघारी बंदच हाय. चार्जर लेकीनं नेला." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि चपला घातल्या.

संग्रामच्या दारात ती थबकली. लांब श्वास घेतला. डोक्यावरचा पदर नीट केला. मला तिच्या तोंडावर भीती दिसली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"आवं..." खुर्चीच्या मागच्या मोकळ्या जागेकडं बघत ती हळूच म्हणाली. "लेकरू मरंल की. दावलं न्हवं त्याला, थांबणं कसं असतंय ते... बास झालं. खेळा आता."

खोलीत काही हललं नाही. खाली गल्लीत कुणाची तरी रिक्षा सुरू झाली, लांब गेली. मग फोनमध्ये बारीक टक् असा आवाज झाला. तात्यांचा राजा त्या एकाच घरात जाऊन बसला होता.

दबलेला सदरा सावकाश वर आला. संग्राम उठला, दोन पावलं टाकली आणि माझ्या अंगावर कोसळला. तांब्याभर पाणी त्यानं घटाघटा संपवलं. रडत होता. "तात्या, चुकलं माझं. चुकलं..." आणि त्याचं बोट मात द्यायला नाही, डाव सोडायच्या खुणेकडं गेलं. जिंकलेला डाव तो सोडून देत होता. मला त्याचा कधी नव्हे एवढा अभिमान वाटला.

काकीनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. डाव संपला की हे जातील न्हवं?"

तिनं फोनच्या पडद्याकडं बोट केलं.

"आता खेळी कुणाची?"

"माझी," संग्राम म्हणाला.

"आन तू केलीच न्हाईस तर?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तर... तात्या थांबतील."

"मग थांबू देत की. मला जल्मभर थांबवलंय त्यांनी." तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, पदरात गुंडाळला आणि जिना उतरायला लागली. तिच्या चपलांचा आवाज मी ओळखत होते. त्यामागून पायऱ्यांवर आणखी एक पाऊल वाजत गेलं, जड, एक पाय ओढत. मग खोलीतला वास गेला.

संग्राम आता बरा आहे. कागलला कारखान्यात नोकरीला लागलाय, चार माणसांत मिसळतो, दोन वेळा पोटभर जेवतो. बुद्धिबळाचं नाव काढत नाही. एवढंच मला हवं होतं.

परवा मी काकीकडं गेले होते. भिंतीला टेकवून तिनं तो फोन ठेवलाय. त्याला चार्जर लावलेला मी कधी बघितला नाही, पण पडदा उजळलेला असतो. संग्रामच्या बाजूचे आकडे एप्रिलपासून होते तिथंच होते. काकी वाळली होती, पण तोंडावर तेज होतं. समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघून मधूनच हसायची.

"काकी, हे कुठवर चालायचं?" मी विचारलं.

"मी हाय तोवर. फुडचं संग्राम बघंल. खेळी त्याचीच हाय की."

ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. मी पाणी द्यायला वळले, तेव्हा फोनकडं लक्ष गेलं. संग्रामच्या घड्याळातला आकडा एकानं खाली आला होता. ती पुन्हा खोकली. आकडा आणखी खाली आला.

"काकी, चला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"नगं ग," पाटाकडं कान देत ती म्हणाली. "हे नगं म्हणत्यात."