आवाज माझा, बोलणं माझं नाही

"आवाज माझाच आहे," बाई म्हणाली, "पण हे मी बोललेच नाही!"

सासूबाईंनी चष्मा वर ढकलला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांनी नाना तऱ्हा पाहिल्या होत्या, पण ही नवीन होती. शेजारी त्यांचे मदतनीस, म्हणजे सख्खे जावई, तोंड उघडं टाकून बघत होते. यात मात्र नवीन काही नव्हतं.

बाई मायदेशी जनावरांची डॉक्टर होती. इथे ती कुत्र्यांना आंघोळ घालायच्या दुकानात राबत होती. पुन्हा डॉक्टरकी करायची तर कॉलेजात इंग्रजीचा वरचा वर्ग मिळायला हवा, आणि तो ठरतो तोंडी परीक्षेवर. तिला मिळाला सगळ्यात खालचा. तक्रार केली तेव्हा कॉलेजने तिला ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्यात ती शब्दाशब्दाला अडखळत होती.

"नवरा म्हणतो, जाऊ दे, वर्षभर खाली बस. का म्हणून बसू? वर्ष गेलं की डॉक्टरकीची जागाही गेली. मी त्या कॉलेजात नवखी नाही. धाकटा पोटात होता तेव्हा नाव घातलं होतं, तोंडी परीक्षाही दिली होती, पण लगेच सोडावं लागलं. तेव्हा खरंच येत नव्हतं. मग दुकानात गिऱ्हाइकांशी भांडून भांडून शिकले!"

"घाबरलं की माणूस अडखळतं हो," जावईबापू म्हणाले. "मुलगी बघायला आलो तेव्हा मी..."

"तुम्ही अजून अडखळता. चला."

कॉलेजातली परीक्षेची खोली छोटी होती. जावईबापूंनी खुर्ची खसकन ओढली, पण पायाखाली इतका जाड गालिचा होता की कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मी फक्त प्रश्न विचारते," परीक्षक बाई म्हणाल्या. "गुण देणारे वेगळे. त्यांना फक्त नंबर आणि आवाज मिळतो. नाव नाही, तोंड नाही. पक्षपात नको म्हणून."

"ती कशी बोलली?"

"ते सांगायची मला मनाई आहे." त्या जरा घुटमळल्या. "निकाल बघून मी चक्रावले, एवढंच सांगते."

ध्वनिमुद्रण सांभाळणारा तंत्रज्ञ जांभया देत होता. "नवे-जुने सगळे आवाज संगणकात आहेत. मी काही पुसत नाही. पासवर्ड? तो सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे."

त्याने मुद्रण लावलं. आधी खुर्ची फरशीवर अशी करकरली की जावईबापूंनी कान झाकले. मग परीक्षक बाईंचा प्रश्न, आणि मग ते अडखळणं.

गुण देणारे सर स्वतःच खालचा वर्ग शिकवत. "मी नंबर ऐकतो, माणूस नाही. तक्रार करणारी कोण, कुठली, मला माहीत नाही. आणि अर्धवट सोडून गेलेल्यांचं असंच होतं. पाया कच्चा राहतो."

"तुमचा वर्ग कसा चाललाय?"

"बंद पडणार म्हणत होते. पण यंदा भरला!"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांना विभागप्रमुखांच्या खोलीत जमवलं.

"आवाज बाईचाच आहे, पण आताचा नाही. मुद्रणात खुर्ची फरशीवर करकरते. आजच्या खोलीत गालिचा आहे. जावईबापूंनी कालच ओढून दाखवली."

"मी?" जावईबापू चकित झाले.

"म्हणजे हे गालिच्याआधीचं, पहिल्या खेपेचं मुद्रण. प्रश्न विचारणाऱ्या बाई त्याच, म्हणून कोणाला शंका आली नाही. पासवर्ड सगळ्या शिक्षकांकडे होता. पण सर, तुम्हाला नाव कळत नाही, तोंड दिसत नाही. मग ती अर्धवट सोडून गेली होती हे तुम्हाला कोणी सांगितलं? वर्ग वाचवायला तुम्ही जुने विद्यार्थी हेरलेत आणि त्यांच्या जुन्या-नव्या आवाजांची अदलाबदल केलीत. आणि इथे काहीच पुसलं जात नाही, तेव्हा..."

तंत्रज्ञाने बाईच्या पहिल्या खेपेच्या नंबराखालचं मुद्रण लावलं. करकर नव्हती. बाईचं इंग्रजी खोलीभर धो धो वाहत राहिलं.

सरांना घाम फुटला. "थोडं जास्त शिकली असती! त्यात कोणाचं काय बिघडणार होतं?"

"माझं!" बाई कडाडली.

विभागप्रमुख घाईघाईने उठले. "ताई, वरच्या वर्गात नाव घालतो. प्रकरण इथेच मिटवू."

"मिटवायचं नाही. माझ्यासारखे आणखी जेवढे असतील त्या सगळ्यांना बोलवा. आणि मला उपकार नकोत, निकाल हवा. यांनी आत्ता ऐकलंय ना? मग यांनीच सांगावं. माझ्या तोंडाकडे बघून."

सरांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि काहीतरी पुटपुटले.

"जोरात बोला," बाई म्हणाली. "अडखळू नका."

"वरचा वर्ग," सर म्हणाले.