‘खरवडणे’ची चिठ्ठी

सोमवारी सकाळी ती शब्दकोशाच्या कचेरीत आली, तर तिच्या खोलीला दारच नाही!

दार बाहेर व्हरांड्यात दोन स्टुलांवर आजाऱ्यासारखे आडवे पडले होते, आणि एक उंचेला रंगारी त्याच्यावर वाकून लोखंडी पट्टीने जुना रंग काढत होता. खर्र... खर्र... तिचे दात आंबले.

“अहो, हे किती दिवस चालणार?”

“दारं सहा. थर म्हणाल, तर...” त्याने फुंकर मारली. एक हिरवा पापुद्रा उडाला आणि तिच्या बाहीवर जाऊन बसला. “हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा. दार कसलं, कांदाच म्हणा. शनिवार उजाडेल.”

“आणि तोवर मी काम कसं करायचं?”

“कान मुठीत धरून!”

ती फणकाऱ्याने आत गेली. पण दैवाची थट्टा बघा, कोशाची गाडी नेमकी ‘ख’वर आलेली, आणि टेबलावर तिची वाट बघत होती कोरी चिठ्ठी : ‘खरवडणे’. थोरले संपादक नाना बजावून गेले होते, “संस्कृतात ‘खर’ म्हणजे खरखरीत, कठोर. मूळ तिथंच असणार. अर्थ मात्र नेमका हवा. आणि उदाहरण पुस्तकातलं उसनं नको, डोळ्यांनी पाहिलेलं लिही!”

दुपारपर्यंत तिने पेन्सिलीचे टोक चावून चोथा केला. शेवटी उठली आणि व्हरांड्यात आली.

“एक विचारू? तुम्ही हे करता, त्याला घासणं का नाही म्हणायचं?”

त्याने हात थांबवला. तिची फिरकी घ्यावी की उत्तर द्यावे, असा क्षणभर पाहत राहिला.

“घासलं की गुळगुळीत होतं. तासलं की लाकूडच जातं. खरवडायचं म्हणजे चिकटून बसलेलं तेवढंच सोडवायचं, खालच्याला धक्का न लावता. धरा.”

पट्टी तिच्या हातात आली. त्याने एका बोटाने तिचे मनगट जरासे कलते केले... एवढेच. “जोर नको. कोन सांभाळा.”

खर्र! हिरवी सालपटे वळत निघाली. खालून निळा हसला.

“शब्द कुठून आला असेल हो हा?” ती पुटपुटली.

“हा काय, आत्ता आला की! स्वतःचं नाव स्वतःच घेतोय.”

“नानांना हे सांगितलं, तर मलाच खरवडतील.”

“मग आमच्या आईचं पातेलं दाखवा त्यांना. दूध तळाला लागलं, की खरवडीसाठी आम्हा भावंडांची मारामारी. वरचं दूध कुणीही पितं, मॅडम. गोडी तळाशी.” हे बोलताना तो पातेल्याविषयी बोलत होता आणि बघत होता तिच्याकडे. ती उगाच बाहीवरचा पापुद्रा शोधू लागली.

मग रोज एक दार, रोज एक शंका. मंगळवारी ‘खरडणे’ची, बुधवारी ‘ओरबाडणे’ची. गुरुवारी तर शंकाच नव्हती, तरी ती गेली. शुक्रवारी पाचवे दार बसले. उद्या नानांच्या खोलीचे शेवटचे दार, की हा चालला! दिवसभर शब्दांत बुडालेली पोर, पण ओठांवर एक येईल तर शपथ. तिने मन हलके करायला ‘खरवडणे’ची एक चिठ्ठी स्वतःपुरती लिहिली, दुसरी नानांसाठी. आणि घाईघाईत एक ट्रेमध्ये टाकली, एक पर्समध्ये.

शनिवारी रिवाजाप्रमाणे सगळे नानांच्या खोलीत जमले. आठवड्याच्या चिठ्ठ्या नाना मोठ्याने वाचत, चुका सगळ्यांनी काढायच्या. दाराच्या जागी नुसती चौकट, आणि बाहेर खर्र... खर्र...

“खरवडणे,” नानांचा खडा आवाज घुमला. “चिकटलेला थर खालच्या भागास धक्का न लावता काढणे. वा! मूळ : आवाजावरून, ‘खर’शीही ताडून पाहावे. हं... चालेल. उदाहरण—”

नानांनी चष्मा पुसला. तिने पर्स चाचपली. मेलेच! पर्समध्ये नानांची चिठ्ठी होती.

“‘तो दार खरवडायचा थांबला, की माझं मन कामात लागत नाही.’”

 बाहेरचा खर्र... खर्र आवाज थांबला.

“आता लागतंय का गं मन?” नानांनी विचारले.

तिची मान वर होईना. चौकटीत रंगारी येऊन उभा राहिला. कानांपर्यंत लाल.

“नाना, ते वाक्य जरा चुकलंय. मी थांबणार कुठं? अकरा खिडक्या राहिल्यात.”

“खिडक्यांचं कधी ठरलं?”

“आता ठरवा की! सहा दारं मी चार दिवसांत केली असती... मुद्दाम रेंगाळलो.” मग आवाज खाली आला, फक्त तिच्यापुरता. “आणि खिडक्याही संपल्या, तर... संध्याकाळी नदीपर्यंत चालाल माझ्याबरोबर?”

“हो,” ती म्हणाली.

नानांनी लाल पेन्सिल उचलली, चिठ्ठीच्या कडेला लिहिले, ‘उदाहरण डोळ्यांदेखतचे. राहू द्यावे.’ मग चौकटीकडे पाहून ओरडले, “अरे, पण माझं दार आधी लाव!”