आखूड पाऊल

वाटाड्याने तिसऱ्यांदाही तेच सांगितलं: लातूरलाच राहा. परिचारिका हेमांगी सातपुतेला रडायचंही त्राण उरलं नव्हतं. नवरा गेल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करता करता तिचा पिट्टा पडला होता. आता नणंद त्यांना न्यायला तयार होती, आणि अंदमानच्या इस्पितळातली जागा सोमवारपर्यंत हेमांगीसाठी राखून ठेवली होती. पण वाटाड्याच्या दाखल्याशिवाय हल्ली कुणाला गाव बदलण्यासारखा मोठा निर्णय घेता येत नसे. वाटाड्या म्हणजे माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात कमी दुःखाचा मुक्काम शोधणारं यंत्र.

ते यंत्र सांभाळणाऱ्या डॉ. वैजयंती बेडेकरांना तिने विचारलं, "मॅडम, हा इतक्या झटपट नाही कसं म्हणतो हो?"

बेडेकरांनी डोळे चोळले. सकाळपासून हेच समजावून त्यांचा घसा बसला होता.

"दुःखाचे डोंगर आहेत समजा, आणि यंत्र धुक्यात उतरतंय. पायाला उतार लागेल तिकडे पाऊल. पण दरी अरुंद आणि लांबलचक असली, की ते या कड्यावरून त्या कड्यावर आपटत बसतं. म्हणून कुठल्या दिशेला लांब ढांग टाकायची, कुठल्या दिशेला आखूड, हे आधीच ठरवून देतो. याला पूर्वसंस्कार म्हणतात."

"ते ठरवतं कोण?"

"तुमच्या घरातल्या बायकांचे जुने निर्णय. त्यांतली एकही घर सोडून गेली नाही. त्यामुळे त्या दिशेला यंत्र मुंगीच्या पावलाने जातं. दरीचा तळ, म्हणजे खरं उत्तर, बदलत नाही हं; वेळ दिला तर तिथे पोचेलही. पण त्याला मिनिटभरच दिलंय. तेवढ्यात जिथे पोचेल, ते उत्तर."

"हात्तिच्या! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काढून टाका ते संस्कार."

"काढते. मग उत्तराला दोनेक वर्षं लागतील."

हेमांगीला आजीचा राग आला, आईचा आला. मग वाटलं, त्यांना तरी कुणी विचारलं होतं? रागालाही ताकद लागते. घरी सासऱ्यांच्या औषधाची वेळ झाली होती.

"राहू द्या. मान्य आहे म्हणून टाका," म्हणत तिने काचेवर अंगठा टेकवला.

"झाली नोंद."

"कसली?"

"तुमच्या निर्णयाची. तुमच्या मुलीच्या पूर्वसंस्कारात."

तिची सई आठवीत होती. हेमांगी ताडकन उठली.

"पुसा ते! पाया पडते मॅडम, तेवढं पुसा."

"पुसता येतं," बेडेकर तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "पण तो मोठा निर्णय आहे. वाटाड्याला विचारावं लागेल."