ठमीच्या तोंडची नळी

माझ्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. चौकीतल्या हवालदारानं नाही, दवाखान्यातल्या डॉक्टरनं नाही आणि माझ्या घरच्या माणसानं तर मुळीच नाही. तो म्हणाला, चंद्रा, तुझं तोंड म्हणजे उघडा नळ, काय वाट्टेल ते येतं त्यातून. मी चौथी पास आहे. डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहिते. पटेल त्यानं वाचावं, नाही पटलं तर ठेवून द्यावं.

चौऱ्याऐंशी साल होतं. मोहोपाड्याला एका कारखान्याच्या कॉलनीत टिपणीस साहेबांच्या बंगल्यावर मी कामाला होते. साहेब प्रयोगशाळेतले मोठे. डोंगराच्या पायथ्याशी राहायचे आणि नाद समुद्राचा. दिवाणखान्यात लोखंडी घोड्यावर पाच फूट लांब काचेची पेटी. उरणहून टेंपोनं पिंपं भरून खारं पाणी यायचं. जहाजावरच्या कोण्या मित्रानं दिलेले जिवंत दगड त्यात ठेवले होते. त्यांच्यावर जांभळी-पिवळी फुलं उमलायची. फुलं कसली, जनावरंच ती. बोट लावलं की मिटायची. पाहुणे आले की साहेब आधी पेटी दाखवायचे, मग बाईंना हाक मारायचे.

त्या पेटीत शेवाळ धरलं.

साधं हिरवं नव्हे, केसांसारखं. दगडाला मुळं रोवून वर लहरणारं. फुलांवर चढायचं आणि त्यांना मिटूनच ठेवायचं. साहेबांनी दिवा कमी केला, तीन दिवस पेटीवर काळं कापड टाकलं, माशांचं खाणं अर्ध्यावर आणलं. खाडीतल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायी मेल्या, शेवाळ वाढलं. मग दर बुधवारी दगड जुन्या दातांच्या ब्रशनं घासायचे, काच लाकडी पट्टीनं खरवडायची आणि सुटलेली घाण रबरी नळीनं ओढून काढायची, असं काम लागलं. नळीचं एक टोक पेटीत, दुसरं तोंडात. तोंडानं ओढायचं, पाणी आलं की झटकन बादलीत सोडायचं. थोडं खारं पाणी तोंडात यायचंच. थुंकायचं.

हे काम माझं. पुढे हाताखाली ठमी आली. डोंगरावरच्या वाडीतली, शुक्राची बायको. काळी, काटक, दात मशेरीनं काळे. मी एकदा तिला नळी ओढायला दिली आणि त्यानंतर त्या नळीला तोंड लावलं नाही. बाईंना सांगितलं, माझी दाढ दुखते.

खरं कारण लिहिते. त्या बंगल्यात माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. त्यावरून मी घरी येऊन किती शिव्या द्यायची ते माझ्या पोरींना ठाऊक आहे. छप्पन साली माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले तेव्हा मी दहा वर्षांची होते. तो म्हणाला, आता कोणापुढे वाकायचं नाही. मी वाकले नाही कधी. पण ठमीच्या तोंडची नळी मला चालली नाही.

ती मात्र गोड होती. काचेवर शेवाळाचा थर बसला की पाण्यात हात घालून पट्टीनं रेघा मारत बसायची. एकदा म्हणाली, "बाय, माजं नाव लिवून दाव ना गं."

मी म्हटलं, "आदी माजं शिक. कुनाचं ऐकायचं ते कळू दे."

शिकली. आधी वरची रेघ ओढायची, एका दमात, सरळ. मग दोरीवर कपडे वाळत घालावे तशी एकेक अक्षर खाली टांगायची. लिहून झालं की हसायची. तिचं नाव शिकवायचं राहूनच गेलं.

वैशाखात शेवाळानं दगड पार झाकले. साहेब कंटाळले. कारखान्यातून कसलीशी पुडी आणली, मासे काढून वेगळ्या बरणीत ठेवले आणि पुडी पेटीत ओतली. दुसऱ्या दिवशी बुधवार. दुपारी ठमीनं नळी तोंडात धरली. मी मोरीत भांडी घासत होते. मला ओढल्याचा आवाज आला, मग घशातून घोट खाली गेल्याचा. थुंकल्याचा आला नाही.

ती वाडीवर पोचलीच नाही. वाटेत करवंदीच्या जाळीत सापडली, तोंडाला फेस. चौकीत लिहिलं, दारू. डॉक्टर म्हणाले, माशांच्या पाण्यानं कोणी मरतं का? मी हवालदारासमोर ओरडून सांगितलं की पाण्यात पुडी होती, साहेबांना विचारा. साहेब आले, माझ्याकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत. हवालदारानं वही मिटली.

शुक्रा बंगल्याच्या फाटकाशी येऊन बसला. रडला नाही, भांडला नाही. मला एवढंच म्हणाला, "कुनी मारली ते नाव सांग. नाव कळल्याबिगर मी तिचा दिस घालनार नाय. तशी कशी लावू वाटंला?"

मी म्हटलं, सांगते. शपथ घेतली.

साहेबांनी पाणी बदललं, दगड उन्हात टाकले, नवे आणले. महिनाभर पेटी आरशासारखी होती. मग एका दुपारी, दोनच्या सुमारास, बाई झोपलेल्या, वर पंखा फिरतोय, आणि मोरीच्या दाराआडून आवाज आला.

सुर्र… आणि मग गट्.

गेले तर नळी खिळ्यावर लटकलेली. टोक ओलं. टोकाला मशेरीचा काळा डाग. मी राखेनं घासून धुतली. दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच आवाज, तोच डाग. पेटीतलं पाणी रोज घोटभर कमी व्हायचं; मी काचेवर खडूनं खूण करून बघितलं. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, पंख्याखाली पाणी उडतं, चंद्राबाई. डागाबद्दल म्हणाल्या, तुम्हीच लावत असाल मशेरी.

मी मशेरी लावत नाही.

शेवाळही परत आलं. या खेपेला काळं. हातात धरलं की तेल लावलेल्या केसांसारखं बोटांतून निसटायचं आणि हाताला मशेरीचा वास राहायचा. समोरच्या काचेवर दाट थर बसला. एके दिवशी त्या थरात आतल्या बाजूनं एक रेघ दिसली. खांद्याच्या उंचीला, सरळ, एका दमात ओढलेली.

मी दोन पावलं मागे सरले. आणि लगेच मला आनंदही झाला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, ठमी नाव लिहितेय. आता हवालदार नको, डॉक्टर नको. बाई माहेरी गेल्या, साहेब कारखान्यात होते, त्या दुपारी मी शुक्राला निरोप पाठवून बंगल्यात बोलावलं.

तो दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी उभा राहिला. आत येईना. तीनचा भोंगा झाला. भोंगा थांबला आणि मोरीतून आवाज आला. सुर्र…

शुक्रानं माझ्याकडे बघितलं. "ठमी वडतंय?"

मी पेटीकडे वळले. पेटीतलं पाणी हललं. काचेवरचं शेवाळ, कोणाचा हात नाही, पट्टी नाही, रेघेखाली सोलत गेलं. हळूहळू, एक अक्षर, मग थांबून दुसरं. सोललेलं शेवाळ केसांच्या पुंजक्यासारखं खाली बसत होतं. ठमीला एकच नाव लिहिता येत होतं, हे मला तेव्हा आठवलं. आधी आठवायला हवं होतं.

शुक्राला अक्षर ओळखता येत नाही. तो काचेकडे बोट करून म्हणाला, "काय लिवलंय… वाच."

आता ते लिहिते, जे चौकीत सांगितलं नाही. पुडी टाकली त्या संध्याकाळी साहेबांनी मला बजावलं होतं, आठ दिवस नळीला तोंड लावायचं नाही, तांब्यानं पाणी काढा, ठमीलाही सांगा. मी सांगितलं नाही. तांब्यानं एवढं पाणी काढायचं म्हणजे दोन तास, आणि त्या बुधवारी आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. पंचशील मी सांगणार होते. वाटलं, एक घोट तर येतो तोंडात, थुंकेल. वाडीवरची माणसं काय काय पचवतात. मला बजावल्याचं सांगितलं असतं तर साहेबांनाही पुडीचं कबूल करावं लागलं असतं, म्हणून ते गप्प राहिले. चौकीत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो ते त्यासाठी.

"वाच ना गं," शुक्रा म्हणाला. "तुज्यावर भरोसा हाय माजा."

कोणीही विश्वास ठेवला नाही असं मी वर लिहिलं. एकानं ठेवला होता.

मी म्हटलं, "टिपणीस."

शुक्रानं मान हलवली. काचेला हात जोडले आणि गेला. त्या नावानं त्यानं तिचा दिवस घातला. पुढे वाडीवरच्या माणसांनी बंगल्यावर काम करणं सोडलं, साहेबांची बदली झाली. पेटी रिकामी करून पुसली, कोणी घेतली ते ठाऊक नाही. नळी मी स्वतः चुलीत घातली.

याला पाच वर्षं झाली. आमच्या घरामागे पाण्याचं पिंप आहे, विहिरीचं गोडं पाणी. गेल्या श्रावणापासून त्याच्या आत काळं शेवाळ धरतं. मी काथ्यानं घासते, दुसऱ्या दिवशी परत. धाकटी लेक म्हणते, आई, पाणी खारट का लागतं गं? घरचा माणूस म्हणतो, तुमच्या जिभेला खोड आहे.

आज दुपारी पिंपात वाकून बघितलं. वरची रेघ सरळ होती, एका दमात ओढलेली. ठमीचा दिवस चुकीच्या नावानं घातलेला आहे, तिला वाट मिळालेली नाही, एवढं मला कळतं. रेघेखाली तिनं टांगलं होतं ते तिला येणारं एकच नाव.

चंद्रा.