चार काट्यांवरची शेव्हेल

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी रोमन विटकोव्स्कीने गॅरेजचं दार वर सरकवलं आणि शेव्हेलवरची चादर काढली. हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी वसंतात उघडायची हा बे सिटीतल्या त्याच्यासारख्या म्हाताऱ्यांचा मोठा सण. उंदरांनी घर करू नये म्हणून धुराच्या नळ्यांत कोंबलेले तारेच्या घासणीचे बोळे त्याने उपसून काढले. बॅटरी बसवली, चारही चाकांत हवा भरली, तेलाची कांडी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. एकाहत्तर वर्षांचे हात होते, पण या कामात त्यांना विचारावं लागत नसे.

गाडी सत्तर सालची. दोन दारांची, गडद निळी, पुढे आडवी एकसंध सीट आणि नाकाखाली चारशे चौपन्न घन इंचांचं इंजिन. ते सुरू झालं की शेजारच्या घरातल्या बशा वाजत. रोमनने ती तरुणपणी घेतली, तीनदा उघडून पुन्हा जोडली, आणि आर्लीनशी लग्न झाल्यावर चर्चमधून घरी आला तोही हिच्यातूनच.

आता एक गोष्ट सांगायला हवी. रोमनने चौतीस वर्षं कारखान्यात मापं तपासायचं काम केलं होतं. इतरांनी ज्या मापाने सुटे भाग मोजायचे, ते माप खरं आहे की नाही हे तो बघायचा. अशा माणसाला 'साधारण' हा शब्द चावतो. म्हणून दर वसंतात टाकी काठोकाठ भरून, गाडी रिकामी करून, तो ती लाकडी उतारांवरून चार वजनकाट्यांवर चढवायचा. एकेका चाकाखाली एक काटा, आणि चारही आकडे व त्यांची बेरीज दाखवणारी छोटी पेटी भिंतीला. शर्यतीत गाडी पळवणारे लोक हे करतात, कारण चारही चाकांवर भार बरोबर वाटला गेला नाही तर गाडी सरळ धावत नाही. रोमन आता कुठे शर्यतीत जात होता? पण सवय ती सवय. बेरीज तो भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवायचा. बावीस वसंत, बावीस आकडे. तीन हजार आठशे बहात्तर पौंड, फार तर एखादा पौंड इकडेतिकडे.

या वेळी पेटीने तीन हजार आठशे त्र्याऐंशी दाखवले.

अकरा पौंड जास्त. रोमनने डिकी पाहिली, सीटखाली हात घातला, पायाखालचे गालिचे उचलले. काही नाही. काटेच बिघडले असतील म्हणून त्याने तळघरातून पाणी मऊ करायच्या मिठाच्या चाळीस पौंडांच्या चार पिशव्या आणल्या आणि प्रत्येक काट्यावर एकेक ठेवून पाहिली. चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. काटे खरं बोलत होते.

दुपारी ड्युएन हॅक्स्ट कुंपणावरून डोकावला. ड्युएन शेजारी. तरुणपणी शर्यतीत दोन गाड्या आणि एक बायको गमावलेला, आणि तिन्हींबद्दल सारख्याच हळहळीने बोलणारा.

"अकरा पौंड?" तो हसला. "उंदरांनी संसार थाटला असेल बघ सीटमध्ये. पोराबाळांसकट."

"सीट काढू. हात लाव."

दोघांनी सीट बाहेर काढली, तिचं वेगळं वजन केलं. सीटचं होतं तेवढंच भरलं. गाडीतले अकरा पौंड गाडीतच राहिले. रोमनने चारही आकडे कागदावर मांडले. जादा भार उजवीकडे होता, पुढच्या चाकापेक्षा मागच्या चाकावर किंचित अधिक.

"माणूस बसतो तिथे," ड्युएन म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

"सीट तर बाहेर आहे."

"ते दिसतंय मला, रोमन." ड्युएनने सीटचं एक टोक उचललं आणि दोघांनी ती पुन्हा आत बसवली.

खरं तर रोमनला त्या दिवसांत गाडीचा विचार करायला वेळ नव्हता. फेब्रुवारीत आर्लीनच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. एकशे अडतीस पौंडांची बाई, लग्नात होती तेवढीच साठीनंतरही, आणि त्याचा तिला कोण अभिमान! आता ती झरत चालली होती. दर गुरुवारी सकाळी नर्स घरी येऊन तिचं वजन करायची आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहायची. नर्सने रोमनला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "मिस्टर विटकोव्स्की, नव्वदच्या खाली गेल्या तर पुढचं औषध देता येणार नाही. शरीर झेलणारच नाही. काहीही करा, पण त्यांना खायला घाला." रोमन सॉसेज तळायचा, लोण्यात घोळवलेल्या पिरोगी करंज्या करायचा, दुधात अंडी फेटायचा. आर्लीन दोन घास खायची आणि त्याला बरं वाटावं म्हणून तिसरा तोंडात धरून बसायची.

मे महिन्यात शेव्हेल उजवीकडे कललेली दिसू लागली. बोटाच्या पेराएवढी, पण नजर तयार असलेल्या माणसाला तेवढं पुरतं. ड्युएनने गुडघ्यावर बसून पाहिलं.

"स्प्रिंगमध्ये रबराचा तुकडा घाल उजवीकडे मागे. येईल सरळ."

"अरे, पण भार कसला आहे ते कळल्याशिवाय?"

"आपल्यात असं कोण विचारत बसतं? गाडीत जे आहे ते धरून गाडी सरळ करायची. चालक जाडा आहे म्हणून त्याला कोणी घरी पाठवतं का?"

शर्यतीतला नियम तसाच होता. रोमनने गाडी उचलली, स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांत रबर बसवलं, खाली उतरवली. शेव्हेल सरळ उभी राहिली. आता ती बघायला बरी वाटत होती, आणि बघायला बरी वाटत होती म्हणून रोमनने तो विषय डोक्यातून काढून टाकला.

तोवर आर्लीन आठवड्याला एखादा पौंड गमवायची. रबर बसवलं त्या आठवड्याच्या गुरुवारी चार गेले.

रोमन फ्रिजपाशी उभा राहिला. एकशे एकोणीस. कॉफीचा कप हातात तसाच धरून तो गॅरेजमध्ये गेला, टाकी भरून आणली, गाडी काट्यांवर चढवली. तीन हजार आठशे एक्याण्णव. म्हणजे एकोणीस जास्त. त्याने पेन्सिल उचलली. एकशे एकोणीस आणि एकोणीस. मग एप्रिलचा आकडा काढला. एकशे सत्तावीस आणि अकरा.

दोन्ही बेरजा एकशे अडतीस.

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःला चांगलं झापलं. दोन आकडे जुळले म्हणून कारखान्यात कधी कोणाला त्याने काही मानू दिलं नव्हतं. तिसरा आकडा हवा, चौथा हवा. पुढच्या गुरुवारी तिसरा आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी चौथा. जुलैच्या मध्यावर आर्लीन एकशे नऊ झाली आणि गाडी एकोणतीस जास्त. रोमन आता दिवसातून तीनदा गाडी तोलत होता. भिंतीवर पेन्सिलीला जागा उरली नाही.

त्याने रबर काढून टाकलं. गाडी उजवीकडे कलली. आकडा मात्र हलला नाही. एकदा दिलेली जागा परत घेता येत नव्हती.

"विकून टाक," ड्युएन म्हणाला. रोमनने त्याला बेरजा दाखवल्या होत्या. ड्युएनने त्या दोनदा वाचल्या होत्या आणि मग टोपी काढून डोकं खाजवत बसला होता. "टोलीडोला माझा चुलतभाऊ आहे. उद्या ट्रक घेऊन येईल."

"आणि गाडीबरोबर काय जाईल टोलीडोला?"

ड्युएनने टोपी डोक्यावर चढवली. त्यानंतर तो कुंपणापाशी आला तरी गॅरेजच्या आत पाऊल टाकेनासा झाला.

ऑगस्टच्या अखेरच्या गुरुवारी नर्सने लिहिलं, ब्याण्णव. लिहिताना तिने रोमनकडे पाहिलं नाही. ती गेली तेव्हा आर्लीन स्वयंपाकघराच्या खुर्चीत बसली होती. उन्हात तिचे कान आरपार लाल दिसत होते.

"रोमन," ती म्हणाली, "मला गाडीतून फिरवून आण ना. किती दिवस झाले."

"आज नको. तू दमली आहेस."

"मी बसूनच असणार आहे. दमायचं तर इंजिनाने दमायचं."

"आर्लीन, नको म्हटलं ना."

"सहा महिने मला विचारल्याशिवाय पोटात काय काय घालतायत सगळे. एवढं एक मी मागतेय." तिचा आवाज चढला आणि लगेच फाटला. रोमनला तिला नाही म्हणणं कधीच जमलं नव्हतं. त्यात मनाच्या तळाशी एक वेडी आशाही होती. गाडीत जे आहे ते तिचं आहे. ती तिथे बसली, तर कदाचित ते तिला परत मिळेल.

त्याने तिला उचलून बसवलं नाही. ती स्वतः बसली. दार ओढलं, आणि सीटला टेकताच तिने मोठा श्वास घेतला.

"अगं बाई," ती म्हणाली. "अंग भरल्यासारखं वाटतंय."

नदीच्या पुलावर पोहोचेपर्यंत तिच्या गालांवर रंग आला. रोमन रस्त्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता. तिने काच खाली केली, कोपर बाहेर काढलं, पुढच्या ट्रकवाल्याला नावं ठेवली. गाडीत बसूनच खायचं ते ठिकाण आलं तेव्हा तिने कांदा घातलेला मोठा बर्गर मागवला, तो संपवला आणि रोमनच्या हातातला अर्धा ओढून घेतला.

"बघत काय बसलास? भूक लागलीये मला!"

रोमनला रडू फुटलं. भर दुपारी, ट्रे घेऊन आलेल्या पोरीसमोर. आर्लीनने कागदी रुमालाने त्याचं नाक पुसलं आणि त्याला गाढव म्हणाली. तिचा हात गरम होता, भरदार होता. फेब्रुवारीपासून त्याला तो हात भेटला नव्हता.

परतताना त्याने कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. आर्लीनने काही विचारलं नाही. ती गुणगुणत होती.

गॅरेजमध्ये त्याने शेव्हेल सावकाश उतारांवर घेतली. चारही चाकं काट्यांवर टेकली. इंजिन बंद केलं. तो उतरला.

"तू जरा बस," तो म्हणाला. "एक मिनिट. हलू नकोस."

"बसलेय."

पेटीवर आकडे थरथरले आणि थांबले. चार हजार दहा.

गाडीचे तीन हजार आठशे बहात्तर. उरले एकशे अडतीस. दीड बर्गर पोटात गेला होता, त्याचा एक पौंडही कुठे दिसत नव्हता. नेमके एकशे अडतीस. रोमनने भिंतीला हात टेकला. पूर्ण आहे. इथे ती पूर्ण आहे.

"झालं का तुझं?" गाडीतून आवाज आला. "मी कॉफी टाकते. तूही ये."

"थांब, आर्लीन, आत्ता नको..."

दार उघडलं. ती उतरली. हलकेच, हात न टेकता, पंचविशीतल्यासारखी. दार मागे ढकललं. त्याच्या जवळून जाताना ती हसली. स्वयंपाकघराकडे चार लाकडी पायऱ्या होत्या. ती चढली. एकही पायरी वाजली नाही.

रोमनने पेटीकडे पाहिलं.

चार हजार दहा.

त्याने डोळे मिटले, उघडले. बोटाने पेटीवर टिचकी मारली.

चार हजार दहा.

गाडीचं दार नीट लागलं नव्हतं. फटीतून सीट दिसत होती. उन्हात रिकामी.

"रोमन!" आतून हाक आली. कप वाजले. "येतोस ना?"

तो हलला नाही. पेटीवर उजवीकडचे दोन्ही आकडे उतरू लागले होते. एकेक पौंडाने, अगदी सावकाश. डावीकडचे दोन्ही तेवढेच चढत होते. बेरीज चार हजार दहावरच होती.

कोणीतरी त्या आडव्या सीटवरून सरकत चालकाच्या जागेशेजारी येऊन बसलं, आणि आकडे थांबले.