एकशे त्रेचाळिसावी गाठ

आमच्या धोंडूने आईच्या अंगावरच्या एकशे बेचाळीस गाठी बरोबर ओळखल्या, मग एकशे त्रेचाळिसावीलाच तो का चुकला? हे कोडं मला सुटत नव्हतं. धोंडू म्हणजे आमचा घरकाम करणारा रोबो. आप्पांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तो घडवला. आप्पा शास्त्रज्ञ आहेत; भाताची नवी वाणं काढण्यात त्यांचा उभा जन्म गेला.

आईला न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर मऊ गाठी आणणारी आनुवंशिक व्याधी) आहे. आजीलाही होती. मलाही आहे, माझ्या पाठीवर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग आहेत. दर महिन्याला धोंडू आईच्या गाठी मोजायचा आणि म्हणायचा, "नेहमीच्याच. काळजी नको." गेल्या दिवाळीत छातीत एकशे त्रेचाळिसावी गाठ हाताला लागली, तेव्हाही तो तेच म्हणाला. आप्पांनीही मान डोलावली. आता डॉक्टर म्हणतात, स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पोचलाय. औषधांनी काही काळ आटोक्यात राहील, बरा होणार नाही.

मी रागाने धोंडूची बॅटरीच काढून टाकली.

"त्याच्यावर कशाला चिडतेस, शाल्मली?" पायरीवर बसलेले आप्पा म्हणाले. "तो पढवलेला पोपट. पढवणारा मी."

"मग चुकीचं काय पढवलंत?"

त्यांनी माझ्या सायकलकडे बोट दाखवलं. "हिला ब्रेक किती?"

"दोन."

"आपल्या प्रत्येक पेशीतही वाढ आवरणाऱ्या एका जनुकाच्या (पेशीतल्या सूचनेच्या) दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. तुम्हा मायलेकींची एक प्रत जन्मापासून बिघडलेली आहे. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की ती पेशी वाढत सुटते."

"अंगावर गाठी येतात, त्या अशाच?"

"हो. पण तेच जनुक स्तनाच्या पेशींतही असतं, हे मी धोंडूला सांगितलंच नाही. या व्याधीच्या बायकांना स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त वेळा होतो, तोही कमी वयात. सगळ्यांना होतो असं नाही. पण तिशीपासून दर वर्षी मॅमोग्राफी (स्तनाचा क्ष-किरण फोटो) करायला हवी. जगाला जनुकं शिकवली आणि दिव्याखाली अंधार." आप्पा रडायला लागले. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

आतून आईने हाक मारली. तिने मावशीला फोन लावला होता. मावशी चौतीस वर्षांची, तिलाही तेच डाग.

"ताई, माझ्या गाठी नेहमीच्याच गं," मावशी म्हणत होती.

मी फोन घेतला आणि तिला सायकलचे दोन ब्रेक समजावले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "उद्याच जाते."

आईने मला धोंडूची बॅटरी बसवायला लावली. आप्पांनी त्याला नवा नियम दिला: छातीतली गाठ नेहमीची म्हणायची नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं.

"शाल्मलीला तीस वर्षं कधी पूर्ण होतील?" आईने धोंडूला विचारलं.

"एकोणीस वर्षांनी, चार ऑगस्टला."

"तोवर ती प्रत दुरुस्त करणारं औषधही निघेल," आप्पा हळूच म्हणाले.

"निघू दे. तरी धोंडू, त्या दिवशी तिला हे ऐकव." आईने धोंडूकडे तोंड केलं. "शाल्मली, आज तपासणीला जा. चालढकल करू नकोस. येताना काहीतरी गोड खा."

"आई, तेव्हा तूच सांग ना."

तिने माझा हात घट्ट धरला आणि धोंडूला विचारलं, "साठवलंस?"

"साठवलं," धोंडू म्हणाला. 'काळजी नको' मात्र तो म्हणाला नाही.